ऐकून घेणारे माणूस

२० ऑगस्ट २०२४ रोजी, कल्याणपलीकडे कर्जतच्या वाटेवर असलेल्या बदलापूर स्थानकात सकाळपासून माणसे रुळांवर उतरली, लोकल गाड्या दिवसभर जागच्या जागी अडून राहिल्या आणि संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या चालवून मार्ग मोकळा केला, तो प्रसंग या पट्ट्यात राहणाऱ्या कोणाच्याही स्मरणातून सहजी जाण्यासारखा नाही. तेथील एका शाळेच्या शिशुवर्गातील दोन बालिकांवर शाळेतल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केल्याचा आरोप होता. फिर्याद नोंदवून घेतली जावी म्हणून पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठत बसावे लागले होते. आणि दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेला हकीकत कळूनही तिने पोलिसांना वर्दी का दिली नाही, असा सवाल न्यायमूर्तींनी केला.

रुळांवरच्या त्या जनसमुदायाचा संताप न्याय्य होता, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु या विषयावर लिहायला बसलो की माझे मन त्या दिवसाच्या आधीच्या काही दिवसांकडे वळते. तेव्हा गाड्या वेळेवर धावत होत्या, वर्तमानपत्रांत एक ओळही आलेली नव्हती, आणि एका घरात एका चिमुकल्या मुलीने आपल्या माणसांना, त्या वयात जेवढे शब्द असतात तेवढ्याच शब्दांत, आपल्याला दुखते आहे असे सांगितले होते. घरच्यांनी ते सांगणे शाळा चुकविण्याच्या सबबीत जमा केले नाही. त्यांनी ते ऐकले, मुलीला डॉक्टरांकडे नेले, दुसऱ्या मुलीच्या आईबापांकडे चौकशी केली. पुढे न्यायालयापर्यंत जे जे पोहोचले, त्याचा उगम त्या ऐकण्यात आहे.

मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, बालकावर झालेल्या आघाताची खोली एकटा आघात करणारा ठरवीत नाही. आघातानंतर जवळच्या मोठ्या माणसाने काय केले, यावरही ती फार मोठ्या प्रमाणात ठरते. अपराध आपल्या हातून घडलेला नसतो, तो टाळणेही पुष्कळदा आपल्या हाती नसते, परंतु हा उत्तरार्ध मात्र आपल्या हाती असतो. आणि म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतील आईवडिलांना, शिक्षकांना, पाळणाघर चालविणाऱ्या ताईंना आणि भिंतीपलीकडून रडणे ऐकू येणाऱ्या शेजाऱ्यांना उद्देशून मी हे लिहीत आहे.

अत्याचार म्हटले की आपल्या नजरेपुढे कोणी अनोळखी, दुष्ट इसम येतो, आणि आपल्या घराचे दार बंद असले म्हणजे आपण निर्धास्त होतो. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याने हे चित्र पार बदलून टाकले: दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले, ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा एखादा तरी प्रकार सोसला होता, आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची, विश्वासातली होती. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, जी आजही आपल्या घराघरांत मुरलेली नाही. ती ही की लैंगिक छळ सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा यत्किंचितही कमी नव्हते. ‘मुलगा आहे, त्याला काय व्हायचंय?’ असे म्हणून ज्याला एकट्याला शिकवणीला धाडले जाते, त्याची चौकशी करणारे घरात बहुधा कोणीच नसते.

मारझोड, लैंगिक अत्याचार, शब्दांनी केलेला पाणउतारा आणि हेळसांड असे या दुःखाचे चार प्रकार मानण्याची रीत आहे. पहिले तीन निदान दिसतात किंवा ऐकू तरी येतात. हेळसांड मात्र दिसत नाही, कारण ती न घडलेल्या गोष्टींची बनलेली असते. न भरवलेला घास, न बोललेला शब्द, न केलेले औषधपाणी. आमच्या या पट्ट्यात तर तिची ओळख पटविणे अधिकच अवघड आहे. पहाटे डबे भरून सहा-साडेसहाची लोकल गाठणारी आणि रात्री आठ वाजता दिव्यांच्या उजेडात जिना चढणारी आई किंवा बाप आपल्या मुलाची हेळसांड करतात, असे म्हणणे हा घोर अन्याय होय. त्या धावपळीचा हेतूच मुळी ते मूल असते. आईबाप दिवसभर घराबाहेर असण्यात दोष नाही. दोष आहे तो, मूल ज्याच्या ओटीत टाकले त्या माणसाची माहिती नसण्यात, व्हॅनकाका मधल्याच दिवशी बदलला तरी त्याचे नाव विचारले न जाण्यात, आणि घरी परतल्यावर त्या लेकराकडे तोंड करून दहा मिनिटेही न बसण्यात. उलट, दोन खोल्यांच्या चाळीत उष्टेमाष्टे वाटून खाणाऱ्या घरात मुलाला एक हक्काची कूस असेल, तर तेथे दारिद्र्य आहे, हेळसांड नाही. हा भेद मी आग्रहाने सांगतो, कारण तो न कळल्यामुळे गरिबाच्या दारात चौकशा होतात आणि उंच इमारतीतल्या एकाकी मुलाकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

विकासावर परिणाम होतो म्हणजे नेमके काय होते, हे आता थोडे सावकाश पाहू.

तान्हे मूल हुंकार देते, आई वळून पाहते, हसते, त्याच्याच सुरात काहीतरी बोलते, मूल पुन्हा हुंकारते. दिवसातून शेकडो वेळा घडणारी ही देवघेव आपल्याला निव्वळ कौतुकाची वाटते. परंतु मेंदूची बांधणी याच देवघेवीतून होत असते. जन्मानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे नऊ-दशांश होतो, आणि त्या काळात ज्या वाटा वरचेवर तुडवल्या जातात त्या पक्क्या होतात, ज्यांवर कोणीच चालत नाही त्या बुजतात. १९८९ च्या डिसेंबरात रुमानियातील हुकूमशाही कोसळली तेव्हा तेथील अनाथालयांत लाखाहून अधिक मुले असल्याचे जगाला कळले. त्या मुलांना अन्न होते, पलंग होता, छप्पर होते. नव्हते ते हाकेला ओ देणारे, आपले असे एक माणूस. पुढे २००० सालापासून बुखारेस्ट शहरात संशोधकांनी अशा १३६ बालकांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांतील काहींना पालक-कुटुंबे मिळवून दिली, आणि असे आढळले की जी मुले साधारण दोन वर्षांची होण्यापूर्वी कोणाच्या तरी घरी गेली, त्यांची भाषा, बुद्धी आणि माणसाला बिलगण्याची वृत्ती पुष्कळशी सावरली. जी उशिरा गेली त्यांची तितकी सावरली नाही. पोट भरलेले असतानाही मूल खुंटू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

मार आणि भीती यांचे कार्य निराळ्या रीतीने चालते. संकट आले की शरीरात कॉर्टिसोलसारखी द्रव्ये स्रवतात, काळीज धडधडते, स्नायू ताठरतात. संकट टळले की सारे पूर्ववत होते, आणि एवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु संकट जेव्हा त्याच घरात राहते, रोज संध्याकाळी जिन्यावर ज्याच्या पावलांचा आवाज येतो तेच जेव्हा संकट असते, तेव्हा शरीरातली ही धोक्याची घंटा बंदच होत नाही. अखंड पहाऱ्यावर उभा असलेला मेंदू भय ओळखण्यात तरबेज होतो; स्मरण, एकाग्रता, विचारपूर्वक स्वतःला आवरणे ही कामे ज्या भागांकडे असतात ते मात्र मागे पडतात. वर्गात मागे बसलेले, कोणी वही आपटली तरी दचकणारे, पाढे काल आले आणि आज विसरले असे मूल शिक्षकाला उनाड वाटते, क्वचित मंद वाटते. ते वास्तविक रात्रभर पहारा देऊन आलेले असते. अशा मुलाला वर्गाबाहेर उभे करणे म्हणजे जेथे ते सुरक्षित बसू शकले असते अशा एकमेव जागेतूनही त्याची हकालपट्टी करणे होय. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने सरसकट मनाई केलेली आहे. ती मनाई केवळ दयेपोटी केलेली नसून, तिच्यामागे मेंदूविषयीचे हे ज्ञानही उभे आहे, हे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ध्यानात घ्यावे.

या साऱ्याचे पडसाद किती दूरवर उमटतात ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात झालेल्या एका मोठ्या पाहणीने दाखविले. १९९८ साली जिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्या पाहणीत एकूण सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले गेले, आणि ज्यांनी बालपणी चार किंवा त्याहून अधिक प्रकारचे आघात सोसले होते त्यांच्यात व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण, आघात न सोसलेल्यांच्या तुलनेत, चारपटींपासून बारापटींपर्यंत अधिक आढळले. मात्र हा आकडा कोणाच्या कपाळावरची रेषा नाही. हवाई बेटांपैकी कावाई येथे १९५५ साली जन्मलेल्या बालकांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेणाऱ्या एमी वर्नर यांना, अत्यंत प्रतिकूल घरांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले कर्तृत्ववान, मायाळू माणसे झालेली दिसली. आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा एक समान गोष्ट होती, ती म्हणजे त्यांना धरून राहिलेले एखादे मोठे माणूस. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. ते माणूस आपण होऊ शकतो.

आता ओळखावे कसे? रांगूही न लागलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर वळ किंवा काळेनिळे डाग दिसले तर ते कधीही क्षुल्लक समजू नयेत, कारण जे बाळ स्वतःहून सरकतच नाही ते पडून स्वतःला इजा करून घेत नाही. पळणारी मुले पडतात ती गुडघ्यांवर, कोपरांवर, कपाळावर. कान, मान, पाठ, पोट, मांड्यांची आतली बाजू येथे वळ उठले असतील, किंवा भाजल्याच्या डागाची कड आखल्यासारखी असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि सांगितलेले कारण डागाशी जुळते का, याचा विचार करावा. इतर खुणा मनाच्या आहेत: अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागते; कारण नसताना रोज सकाळी पोट दुखते, आणि रविवारी दुखत नाही; विशिष्ट माणसाकडे, विशिष्ट गाडीत, विशिष्ट जिन्याने जाण्यास नकार देते; वयाला न शोभणारे खेळ बाहुल्यांशी खेळते; डब्यातले अन्न दप्तरात लपवून ठेवते. आणि एक खूण अशी की तिचे आपण कौतुकच करीत असतो: मूल एकाएकी अतिशय शहाणे होते, काही मागत नाही, रडत नाही, सगळ्यांची मर्जी सांभाळते. यांपैकी एकटी कोणतीही खूण म्हणजे पुरावा नव्हे. नवे भावंड झाले, शाळा बदलली, तरीही मुले अशी वागतात. परंतु खुणा एकत्र आल्या आणि टिकून राहिल्या, तर विचारणे हे आपले कर्तव्य ठरते.

आणि मूल सांगू लागले, तर पहिला तास फार मोलाचा आहे.

हातातले काम खाली ठेवून मुलाच्या उंचीइतके खाली बसावे. आवाज चढू देऊ नये. आपल्या चेहऱ्यावरचा संताप मुलाला आपल्यावरचाच वाटतो. ‘तू मला सांगितलंस हे फार बरं केलंस. यात तुझी काहीही चूक नाही. आता काय करायचं ते मी बघते,’ एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत, आणि ती कोणत्याही उपदेशाहून अधिक औषधी आहेत. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’, ‘ओरडली का नाहीस?’, ‘खरं सांगतोयस ना?’ हे प्रश्न आपल्या तोंडी धसक्यामुळे येतात, पण मुलाच्या मनावर ते दुसरा आघात करतात. त्यांतून मूल एवढेच शिकते की सांगितल्याने शिक्षा होते. खोदखोदून विचारू नये, आणि आपणच उत्तर सुचवू नये. ‘मग काय झालं?’ एवढेच विचारून गप्प राहावे. आजोबांना सांग, आत्याला सांग, असे म्हणून तीच हकीकत घरात पाच जणांपुढे वदवून घेऊ नये. मुलाने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे, त्याच्या बोबड्या नावांसह, तारीख आणि वेळ घालून एका कागदावर टिपून ठेवावेत. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन,’ असे म्हणावे. ताजी घटना असेल तर मुलाला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत, आणि तडक रुग्णालय गाठावे. पहिल्या तीन दिवसांत काही औषधे द्यावयाची असतात, म्हणून विलंब घातक ठरतो. संशयित मनुष्य घरातला किंवा शेजारचा असेल, तर रागाच्या भरात त्याच्या दारी जाऊन जाब विचारण्याचा मोह आवरावा. त्याने पुरावा नाहीसा होतो आणि मूल त्याच्या धाकात अधिकच अडकते. मुलाला त्याच्यापासून दूर करणे, हे आधी.

यापुढची पायरी कायद्याची, आणि तिला घाबरून पुष्कळ कुटुंबे येथेच थांबतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण सारे पोक्सो म्हणून ओळखतो, तो त्या वर्षी १४ नोव्हेंबरपासून अमलात आला, आणि त्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याची ज्या कोणाला माहिती असेल त्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. येथे मर्जीचा प्रश्न नाही. माहिती दडविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि शाळेचा किंवा संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवील तर ती मुदत एक वर्षापर्यंत जाते. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ असे ज्यांना वाटते त्या मुख्याध्यापकांनी आणि विश्वस्तांनी बदलापूरचे स्मरण ठेवावे. उलट, शुद्ध हेतूने वर्दी देणाऱ्यावर, पुढे गुन्हा सिद्ध झाला नाही तरी, काही बालंट येऊ नये अशी तजवीज त्याच कलमात आहे.

१०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि त्यास पैसे पडत नाहीत; १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून तो जन्मास आला, आणि आता शासन तो चालविते. तातडीच्या प्रसंगी ११२. पोलीस ठाणे कोणतेही चालते. गुन्हा डोंबिवलीत घडला आणि तुम्ही ठाण्यात असाल, तरी ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ग्राह्य नाही. फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखविली जावी आणि तिची प्रत विनामूल्य मिळावी, असा आपला हक्क आहे. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल अशा ठिकाणी, शक्यतो फौजदाराच्या हुद्द्याहून कमी नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावी. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळविले पाहिजे. कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खाजगी, पोलिसांचे पत्र आणा म्हणून तातडीचे उपचार नाकारू शकत नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये जवळची आहेत. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची, आणि मुलाच्या विश्वासातले माणूस शेजारी असावयाचे. खटला संपेपर्यंत हात धरून नेणारी एक सहायक व्यक्ती समितीकडून मागून घ्यावी. विनामूल्य वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देते, आणि राज्य शासनाची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना अर्थसाहाय्य व पुनर्वसन यांसाठी आहे, तिची चौकशीही तेथेच करावी. हे सारे कागदावर आहे आणि प्रत्यक्षात कित्येकदा भांडून मिळवावे लागते, हे मी जाणतो; पण जे आपल्या हक्काचे आहे हे ठाऊक असते त्यासाठी भांडताना माणसाचा आवाज स्थिर राहतो. मुलाचे, त्याच्या शाळेचे, इमारतीचे नाव सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पसरविणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, सहानुभूतीने केले तरीही.

मारझोड आणि हेळसांड यांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली, टाकून दिले किंवा जाणूनबुजून हयगय केली, तर पंचाहत्तराव्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तथापि शेजारच्या घरातून रोज मारल्याचे आवाज येतात, तेव्हा आपल्या मनात जो संकोच असतो (‘त्यांच्या घरची गोष्ट, आपण कशाला?’), त्यामागे एक भय असते की मूल उचलून कोठेतरी अनाथालयात धाडले जाईल. कायद्याचा कल तसा नाही. संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय मानलेला आहे. आधी कुटुंब सावरण्याचा यत्न करावयाचा असतो. एकट्या पडलेल्या आईला किंवा मुलाला सांभाळणाऱ्या आजीला बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा. शेजाऱ्याला फार मोठे काही करावे लागत नाही. दार ठोठावून ‘वहिनी, थोडा वेळ बाळाला माझ्याकडे द्या, तुम्ही जरा टेका,’ एवढे म्हटल्याने एखादी संध्याकाळ निभावते. आणि निभावत नसेल, तर १०९८ आहेच.

ठाणे जिल्ह्याला मुलांसाठीच्या कामाची एक परंपरा आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांसमवेत १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, बालशिक्षणाचा जो प्रयोग केला तो त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातलाच. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी वारली मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली, आणि कडेवरच्या भावंडाचीही सोय केली. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या मुलांसाठी समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साहाय्याने २०१६ साली सिग्नल शाळा काढली, तिच्यात मला त्याच विचाराची पालवी दिसते. कर्जत आणि कसारा या दोन्ही वाटा जेथे मिळतात त्या कल्याण जंक्शनवर घर सोडून आलेली मुले उतरतात. त्यांना शोधून घरी परत पोहोचविण्याचे काम ठाण्याची समतोल फाउंडेशन वर्षानुवर्षे करीत आली आहे. फलाटावर एकटे, भेदरलेले मूल दिसले तर खाऊ देऊन पुढे जाऊ नये. रेल्वे पोलिसांच्या हवाली करावे, आणि नोंद होईपर्यंत तेथे थांबावे. एक लोकल चुकते, दुसरी येते.

मनाचे उपचार शरीराच्या उपचारांइतकेच आवश्यक आहेत आणि ते मूल ‘विसरून जाईल’ या आशेवर टाकू नयेत. मूल शब्दांनी विसरते. त्याचे शरीर आणि त्याची झोप विसरत नाहीत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय तर १९०१ पासूनचे आहे. तेथे जाण्यात लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. घरी आपण करावयाचे ते साधे आहे: जेवण, अंघोळ, गोष्ट, झोप यांच्या वेळा मोडू देऊ नयेत, कारण ज्याच्या जगातला भरवसा उडाला आहे त्याला घड्याळाचा भरवसा आधी परत मिळतो. हकीकत त्याने काढली तर ऐकावी. आपण काढू नये. इतर भावंडांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. आणि आईने, बापाने, स्वतःला अपराधी ठरवून मुलापुढे रडत बसू नये. रडावयाचे ते परस्परांजवळ, किंवा समुपदेशकाजवळ.

खटला उभा राहतो तेव्हा मधे बराच काळ लोटलेला असतो. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि एक वर्षात निकाल, असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात तारखा पडतात, आणि मूल तोवर एक-दोन इयत्ता पुढे गेलेले असते. साक्षीच्या आधी सहायक व्यक्तीसोबत एकदा न्यायालयाची इमारत दाखवून आणावी, कोण कोठे बसते ते सांगावे. आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, प्रतिपक्षाच्या वकिलाने प्रश्न थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावेत, मुलाला मधे विसावा मिळावा आणि विश्वासातले माणूस शेजारी असावे, या गोष्टी कायद्यानेच सांगितलेल्या आहेत. त्या होत नसतील तर सरकारी वकिलांकडून मागाव्यात. काय बोलायचे ते पढवू नये. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असे म्हणायला हरकत नाही, हे मात्र आवर्जून सांगावे. त्या दिवशी आईने किंवा बाबांनी पूर्ण रजा घ्यावी, डब्यात नेहमीचेच आवडते काही द्यावे, आणि न्यायालयातून बाहेर पडल्यावर ‘काय विचारलं? काय सांगितलंस?’ असे न विचारता घरी यावे. दुसऱ्या दिवशी शाळा असेल, तर शाळेत पाठवावे. गृहपाठ राहिला असेल, तर संध्याकाळी शेजारी बसून पुरा करून घ्यावा.